तारीख उलटली आणि कळा नाहीत: पुढचे दिवस कसे काढावेत

लेबर रूममध्ये 'दिवस वर गेलेत' म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणींचे दिवस मुळात वर गेलेलेच नसतात. तेव्हा आधी तारीख तपासा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, त्यात नऊ महिने सात दिवस, म्हणजे साधारण 280 दिवस, हा हिशेब पाळी 28 दिवसांनी येते असं धरून केलेला असतो. तुमची 35 दिवसांनी येत असेल तर तारीखही आठवडाभर पुढे सरकते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरची तारीख सगळ्यात भरवशाची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून आली म्हणून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. ती बाळाच्या आकारावरून काढलेली असते, बाळ मोठं तर अलीकडची, बारीक तर पलीकडची. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात.

दुसरं, आठवडे मोजा. तारखेच्या दिवशी 40 पूर्ण होतात. 41 पूर्ण झाले की कळा आणायच्या, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. 42 पर्यंत ताणायचं नाही. तोवर वार (बाळाला नाळेतून पोसते ती) थकायला लागते, बाळाभोवतालचं पाणी कमी होतं आणि बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. शुगर, बीपी, जुळं किंवा बाळाची वाढ कमी असेल, तर थांबण्याचा हा हिशेब तुम्हाला लागूच नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला दिवस पाळा.

तिसरं, सांगितलेल्या दिवशी एनएसटी (बाळाच्या ठोक्यांची तपासणी) आणि पाण्याची सोनोग्राफी करून या. एनएसटीला पोटाला दोन पट्टे बांधून वीसेक मिनिटं पडून राहायचं, दुखत काही नाही. सोनोग्राफीत चारही बाजूंच्या पाण्याच्या खोलीची बेरीज 5 सेंमीच्या आसपास किंवा खाली आली, तर घरी परत जायचा हट्ट धरू नका.

आता खरं अवघड काम: हालचाल मोजणं. कालची एनएसटीची पट्टी छान आली होती, म्हणून आजचा दिवस सुरक्षित ठरत नाही. मधल्या दिवसांत पहारा तुमचाच. 'बाळाकडे लक्ष ठेवा' एवढंच सांगून बाईला घरी पाठवतात, आणि लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. माझ्या पहिल्या खेपेला, रोज हेच काम करत असूनही, मी इथेच अडले होते. उचकी धरायची का? एका दमात चार लाथा मारल्या तर त्या चार की एक?

तर नीट ऐका. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, जेवणखाण झाल्यावर डाव्या कुशीवर एक तास पडा. मोबाईल लांब ठेवा, टीव्ही बंद. लाथ, ढुशी, कूस बदलणं, अंग ताणणं, सगळं मोजा. सलग आलेल्या लाथा एकच धरा, मध्ये खंड पडला की पुढची. एका लयीत टक्-टक् लागणारी उचकी मोजायची नाही. प्रत्येक तासाला किमान तीन हालचाली लागल्या पाहिजेत. कमी भरल्या तर बाळ झोपलेलं असू शकतं, पण ते सहसा वीस ते चाळीस मिनिटं झोपतं, दीड तासाच्या वर क्वचितच. म्हणून काहीतरी खाऊन, पाणी पिऊन अजून एक तास मोजा. तरीही तीन नाहीत? मग थेट दवाखाना. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

आकड्याच्याही वरचढ एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुमच्या बाळाची सवय. रोज रात्री जेवल्यावर धिंगाणा घालणारं बाळ आज गप्प असेल, तर तीन भरल्या तरी जाऊन दाखवा. हालचाल अजिबातच जाणवत नसेल तर मोजत बसू नका, निघा.

आणि 'आता जागा उरली नाही, म्हणून बाळ हलत नाही' हे वाक्य घरात कुणीही, अगदी सासूबाईंनी म्हटलं, तरी मान डोलावू नका. जागा कमी झाली की जोरदार लाथेऐवजी ढुशी लागते, हालचालींची संख्या कमी होत नाही. या एका वाक्यापायी उशिरा आलेल्या बायका पाहिल्यात, म्हणून एवढं ठासून सांगते. घरच्या घरी ठोके ऐकायचं यंत्र मागवतात, त्यावरही विसंबू नका. आईच्याच नाडीचा आवाज ऐकून सगळे निर्धास्त होतात.

पाणी गेलं, त्याला हिरवट-पिवळट रंग आला, अंगावरून रक्त गेलं, डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ताबडतोब निघा. गाडी नसेल तर 108.

एरंडेल पिऊ नका. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि दमलेली बाई कळा सोसायला उरत नाही. दुधातून तूप प्यायल्याने बाळ घसरून येत नाही, कारण ते पोटात जातं, गर्भपिशवीत नाही. चाला, बसा, झोपा. जिने चढायची शिक्षा नको.

41 ला दाखल व्हायचं ठरलं, तर कपड्यांबरोबर सगळ्या सोनोग्राफीचे कागद आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. गर्भपिशवीचं तोंड कितपत मऊ झालंय ते बघून कळा आणायला जेल, गोळी किंवा फुगा ठरतो. आधीचं सीझर असेल तर आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगा, तिथे औषधं बदलतात. घरच्यांनी मात्र संध्याकाळी पेढे आणायची घाई करू नये. जेल लावल्यावर सहा तासांनी पुन्हा तपासतात, गरज वाटली तर पुन्हा लावतात, मग कळांचं सलाईन. पहिलटकरणीला यात सहज एक-दीड दिवस जातो. एवढ्यात व्हरांड्यातून 'सीझरच करून टाका' सुरू होतं. बाळाचे ठोके नीट असतील तर त्या आरड्याला दाद देऊ नका. ठोके बिघडले आणि डॉक्टर स्वतः सीझर म्हणाले, तर सहीसाठी गावाहून मामांची वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.