जूनमधली पहिली पालक सभा कशी घ्यावी

आमच्याकडे बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची, म्हणजे साखर कारखान्यासाठी मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते आणि गाव रिकामं होतं. ऊसतोडीला गेलेली माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. शाळा आणि पालक एकमेकांसमोर बसू शकतात ते जून ते ऑक्टोबर, एवढेच महिने. सहावी ते आठवीची मुलं बारा-चौदा वर्षांची असतात. याच वयात मुलगा उसाच्या फडात मोळ्या उचलायला लागतो, मुलगी कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळून भाकरी टाकते. पोराला मागे ठेवायचं की बरोबर न्यायचं, हे त्यांच्या घरी दिवाळीच्या तोंडावर ठरतं. तेव्हा शाळेची आठवण कशी निघेल, याची सुरुवात जूनच्या सभेत होते.

सतरा वर्षं मी या वर्गांना शिकवते आहे आणि दर वर्षी ही सभा घेते. प्रवेशोत्सवाला पाहुणे बोलवा, फुगे लावा, प्रेरणादायी भाषण ठेवा, असे सल्ले दर मे महिन्यात फिरत येतात. हे सगळं करून पाहिलं. फोटो चांगले येतात, पण जुलैच्या सभेला तीच चार माणसं दिसतात. खाली लिहिलं आहे ते ऊसतोडीच्या गावात वापरून टिकलेलं आहे. इतर गावांत तपशील बदलतील.

तारीख

शाळा उघडल्यावर दहा-बारा दिवसांनी घ्या, पहिल्या दिवशी नको. राज्यात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. नेमका तोच पेरणीचा काळ. वापसा आला, म्हणजे पावसानंतर जमीन पेरण्याजोगी झाली, की सरकी टोबायला घरातलं प्रत्येक माणूस रानात असतं. त्या दिवशी सभा ठेवली आणि कोणी आलं नाही, तर पालकांना शिक्षणाची आस्था नाही असं कृपा करून म्हणू नका. आम्ही आठवडी बाजाराचा दिवस धरतो. त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, सकाळी नऊ ते अकरा माणसं घरी सापडतात. सगळ्या शाळेची एकत्र सभा घेऊ नका. एक वर्ग, तोही दोन बाजारांत विभागून.

बोलावणं

व्हॉट्सॲपचा ग्रुप पुरेसा नाही. घरातला फोन बापाच्या खिशात असतो आणि निरोप आईपर्यंत पोचत नाही. मुलांकडूनच चिठ्ठी लिहून घ्या, आईचं नाव घालून. आई नसेल तर आजी, चुलती, मामा, जे कोणी त्याचं बघतं त्यांचं नाव. चिठ्ठीत एक वाक्य हवंच: “तक्रार नाही, माझी वही बघायला ये.” आमच्याकडे शाळेचं बोलावणं म्हणजे पोराने काहीतरी केलं, असाच समज आहे. मागच्या वर्षी जे आले नाहीत, त्यांच्या घरी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन या.

बसणं

सतरंजी. शिक्षकांनाही सतरंजी. खुर्च्या मांडल्या की पुरुष खुर्चीवर आणि बाया दाराशी.

पाच मिनिटं

सगळी सभा इथे तरते किंवा बुडते, आणि मी सर्वात जास्त चुकले तेही इथेच.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी सभेत चाचणीचे गुण वाचून दाखवले. सगळ्यांसमोर, नावानिशी. मला तो पारदर्शकपणा वाटत होता. सातवीतल्या एका मुलाला गणितात 20 पैकी 3 होते. त्याचे वडील मागच्या रांगेत बसले होते. ते काही बोलले नाहीत, उठले, आणि बाहेर व्हरांड्यात त्यांनी पोराला मारलं. आत सगळ्यांना आवाज ऐकू आला. दिवाळीनंतर ते पोर आईवडिलांबरोबर कारखान्याला गेलं आणि शाळेत परत आलं नाही. गरिबी होती, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर होती, हे सगळं खरं. पण तो माणूस माझ्या बोलावण्यावरून, धुतलेला सदरा घालून शाळेत आला होता, आणि मी त्याची चारचौघांत मान खाली घालायला लावली. तेव्हापासून माझ्या सभेत कोणाचेही गुण मोठ्याने वाचले जात नाहीत, चांगले गुणसुद्धा नाहीत. एकाचं कौतुक झालं की शेजारची आई आपल्या पोराकडे बघते.

आता करते ते असं. प्रत्येक कुटुंबाला पाच मिनिटं, एकेकट्याने, खोलीच्या एका कोपऱ्यात. मूल बरोबर हवं. ‘मोठ्यांचं बोलणं मुलांसमोर नको’ हा सल्ला बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलांना लागू नाही. ती बाहेर उभी राहतात आणि आत आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय असं धरून चालतात. घरातल्या अडचणीचं काही निघालं तरच त्याला उठवायचं.

तयारी शाळा उघडल्यापासूनच सुरू होते. दहा दिवसांत प्रत्येक मुलाबद्दल एक ओळ वहीत लिहायची, स्वतः पाहिलेल्या गोष्टीची. ‘हुशार आहे’, ‘शांत आहे’ या ओळी चालणार नाहीत, त्या कोणालाही लागू होतात. “फळ्यावर माझी बेरीज चुकली ती हिने दाखवली.” “नवीन आलेल्या मुलाला याने आपल्या बाकावर जागा दिली.” ओळ खरी हवी. खोटं कौतुक आईला एका क्षणात कळतं, कारण ती त्या पोराला आपल्यापेक्षा बारा वर्षं जास्त ओळखते.

पण बोलण्याची सुरुवात या ओळीने करू नका. सुरुवात प्रश्नाने: “ताई, हा घरी काय काय करतो?” आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं मला शिकायला फार वर्षं लागली. समोरची बाई खाली बघते, पदर सारखा करते, “आमाला काय कळतं वो मॅडम” म्हणते. इथे शिक्षक घाबरतो आणि स्वतःच बोलू लागतो. बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. आठव्या-नवव्या आकड्याला ती बोलते. शेळ्यांचं सगळं हाच बघतो, दूध मोजून डेअरीला घालतो, हिशेब तोंडपाठ असतो. एका आईने मला हे सांगितलं त्या वर्षी त्या मुलाला दशांश अपूर्णांक येत नव्हते. दुधाच्या लिटर आणि भावाने मांडून दिल्यावर आठवड्यात आले. ती माहिती माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती.

तिचं बोलून झालं की तुमची ओळ सांगा आणि वही तिच्या हातात द्या. टेबलावर ठेवू नका, हातातच द्या. वाचता येत नाही म्हणून काही आया वहीला हातच लावत नाहीत, लांबून बघतात. मुलाला सांगायचं, “आईला कालचं पान वाचून दाखव.” पोर आधी लाजतं, मग वाचतं. गेल्या वर्षी एक आई त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. कोयत्याने चिरलेलं बोट, नखाखाली काळी रेघ. पोरगी शेवटच्या ओळीला आली तेव्हा आईचं बोट पहिल्याच ओळीवर होतं. तिने विचारलं, “हे समदं तूच लिवलं?” त्या दिवशी मी पुढचं काहीच सांगितलं नाही.

अडचण सांगायचीच असेल तर एकच, आणि शेवटी, आणि “आपण काय करू या” असं विचारून. तीन अडचणी सांगितल्या की माणूस एकही घेऊन जात नाही. पुढे बसलेला बाप पोरावर हात उचलणारा आहे हे माहीत असेल, तर त्या दिवशी अडचण सांगू नकाच. नंतर घरी जा.

तीस मुलांचा वर्ग म्हणजे दीडशे मिनिटं, म्हणून दोन बाजार. बाकीचे थांबलेले असताना त्यांना मुलांनी शाळा दाखवायची: प्रयोगाचं साहित्य, नळ, मुलींची मुतारी. मुतारीत पाणी आहे का हे आयांना बघू द्या. सातवी-आठवीच्या मुली शाळा का बुडवतात ते त्या मिनिटभरात ओळखतात, आणि पाण्याची टाकी कोणी भरायची हे तिथेच ठरतं.

एकच काम

प्रत्येक घराला एकच काम द्या, न वाचता येणाऱ्या माणसालाही जमेल असं. ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ हे काम नाही. मी सांगते: आठवड्यातून एकदा, बाजाराच्या रात्री, वही मागा. नवी पानं किती भरली ती मोजा, लाल शाईची सही दिसते का बघा, एक पान वाचायला लावा. लाल शाई दिसली नाही तर मला विचारा. हा हक्क त्यांना मिळाला की माझ्याही वह्या वेळेवर तपासून होतात.

कागद

योजनांची यादी मोठ्याने वाचू नका, कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्याच्या उपयोगाची आहे त्याला तिथेच सांगा. दोन गोष्टी मात्र सगळ्यांना सांगाव्याच लागतात, कारण त्याबद्दल गावात चुकीचं ऐकलेलं असतं.

आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, हे आता खरं नाही. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात राहिलं तर पुरवणी परीक्षा मिळते, तीही राहिली तर मूल त्याच वर्गात बसतं.

दुसरी गोष्ट सातवीच्या पालकांसाठी. आठवीत एनएमएमएस ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्क्यांची सूट आहे. आठवीत गेल्यावर कळून उपयोग नसतो. सातवीच्या जूनमध्येच सांगा, उत्पन्नाच्या दाखल्याचंही तेव्हाच बघा.

समिती

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असं ठरवलं आहे. सही घ्यायला घरी रजिस्टर पाठवण्याची पद्धत मला मान्य नाही. पालकांना खऱ्या कामावर बसवा. सर्वात सोपं काम पोषण आहाराचं. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला 150 ग्रॅम धान्य धरलेलं असतं. दोन आया महिन्यातून एकदा आल्या, तांदूळ मोजताना उभ्या राहिल्या, खिचडी चाखली, रजिस्टरवर लिहिलं, बस्स. धान्य निवडणं-मोजणं त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. “शाळेतलं कळत नाही” म्हणणाऱ्या बाया याच दारातून आत येतात.

पहिला फोन

सभेनंतर आठ दिवसांत प्रत्येक घरी एक फोन, चांगल्या बातमीचा. दिवसाला चार केले तर पुरतात. वर्षातला पहिला फोन तक्रारीचा असेल, तर दुसरा कोणी उचलत नाही.

दिवाळीआधी

दुसरी सभा गाड्या यायच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटी. भाषण नको, एकच प्रश्न: पोर कोणाजवळ राहणार? आजीजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे तोडीच्या महिन्यांत मागे राहिलेल्या मुलांच्या सोयीच्या, यादीत नाव घाला. आजीला त्याच दिवशी शाळेत आणून पाच मिनिटं द्या, कारण आता पालक ती. बरोबर नेणारच असतील तर भांडू नका, शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवताना अडत नाही. आठवीतल्या मुलीबद्दल “यंदा उरकून टाकू” असा शब्द कानावर आला तर तो हसण्यावारी नेऊ नका. त्याच आठवड्यात घरी जा, मुलीच्या लग्नाला अठरा वर्षं पूर्ण हवीत हा कायदा सांगा, आणि ऐकत नसतील तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

मग वहीत एक पान आखा: मुलाचं नाव, आईचा नंबर, मुकादमाचा नंबर, कारखाना कुठला, तालुका कुठला. कोपीवर फोन लागतो तो अंधार पडल्यावर, गाडी भरून झाली असेल तर. आम्ही रविवारी सातला लावतो. शाळेचं काहीही सांगायचं नाही, फोन मुलाच्या हातात द्यायचा आणि त्याने आठवड्यातलं एक पान वाचायचं. पलीकडून बैलाच्या घुंगरांचा आवाज येत असतो आणि आई मधेच विचारते, लाल शाई हाय का?