खानदेशातून खेकडा तेजोमेघ कसा शोधावा

वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उजळलेला वायूचा ढग, जळगाव, धुळे आणि नंदुरबारवरून जाताना जवळजवळ थेट माथ्यावर येतो. क्षितिजावरची धूळ आणि गावाचे दिवे तिथे सर्वांत कमी नडतात. ही सोय आपण वापरलीच पाहिजे.

अमावास्येच्या जवळची रात्र धरा. डिसेंबरच्या मध्यास तो साधारण रात्री १२:३० ला माथ्यावर असतो, जानेवारीत १०:३० ला, फेब्रुवारीत ८:३० ला. तोरणमाळ, पाल किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे मोकळे शेत उत्तम. पाणी भरलेली केळीची बाग मात्र टाळा, भिंगांवर दव लवकर धरते. अंधारात वीस मिनिटे बसा आणि मोबाईल खिशातच ठेवा.

आता मृगातले त्रिकांड, म्हणजे एका रेघेतले तीन तारे, शोधा. ती रेघ वायव्येकडे लांबवली की तांबूस रोहिणी भेटते. रोहिणीजवळच्या ताऱ्यांचा पाचरीसारखा आकार म्हणजे बैलाचे तोंड. पाचरीची रोहिणीकडची बाजू पूर्वेकडे तशीच पुढे न्या. हात लांब करून धरलेल्या दीड मुठीवर एक मध्यम तारा लागेल, ते बैलाचे एक शिंग. दुसऱ्या शिंगाचा तेजस्वी तारा म्हणजे अग्नी. पहिल्या शिंगापासून अग्नीच्या दिशेने, थोडे पश्चिमेला कलून, १ अंश सरका, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन रुंदींएवढे.

१०×५० च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) हातातल्या दुर्बिणीतून तिथे फिकट धूसर ठिपका दिसेल. बाजेवर उताणे पडून पाहिले तर हात स्थिर राहतो. ६ इंची दुर्बिणीत तो लांबट होतो. नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवली की अधिक उठून दिसतो. स्टँडवरची दुर्बीण नेमकी माथ्यावर वळवणे अवघड जाते, म्हणून तास-दीड तास आधीच पाहायला घ्या.

त्या ठिपक्यात काय आहे, हे माहीत असले की पाहण्याला वेगळाच अर्थ येतो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी तिथे स्फोट झालेला तारा नोंदवला. २३ दिवस तो भर दिवसाही दिसत होता. त्याचा उरलेला गाभा हा पल्सार, म्हणजे झपाट्याने फिरत ठरावीक ठेक्याने स्पंद पाठवणारा तारा, आहे, जेमतेम २० किलोमीटर रुंद पण सूर्याहून जड. तो सेकंदाला ३० वेळा फिरतो. हळूहळू मंदावताना तो जी ऊर्जा गमावतो, तिच्यावरच भोवतीचा तेजोमेघ उजळलेला आहे. ताऱ्यांच्या हिशेबात हजारेक वर्षांचे हे वय अगदी कोवळे. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे.

पल्सार स्वतः १६व्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) आसपासचा असल्याने या दुर्बिणींतून दिसणार नाही. मार्चनंतर वृषभ संध्याकाळीच पश्चिमेला कलू लागते, तेव्हा बेत जानेवारी-फेब्रुवारीतच आखा.