भाच्याच्या बोलण्याची वही

भाचा वर्षाचा झाला तेव्हा मी एक दोनशेपानी वही उघडली आणि तो सव्वातीन वर्षांचा होईपर्यंत त्याचं बोलणं तिच्यात टिपत गेले. तुम्हालाही घरातल्या मुलाचं असं काही करायचं असेल, तर माझ्या चुका आधी वाचा. सगळ्यात मोठी पहिल्याच पानावर आहे: ‘आज म्हणाला, मला पाणी हवं.’ तो असलं काही म्हणाला नव्हता. तो ‘पाई’ म्हणाला. बाकीचं वाक्य माझं.

तेव्हा कानावर पडलं ते लिहा, समजलं ते नाही. देवनागरीत हे बरंच सोपं जातं, ‘पाई’ ऐकलं की ‘पाई’ लिहिता येतं. अडचण लिपीची नसते, आपल्या कानांची असते. ओळखीचं मूल बोलायला लागलं की आपण ते दुरुस्त करूनच ऐकतो. मुलाचं ऐकणं मात्र त्याच्या बोलण्याच्या पुढे असतं. भाचा चपलेला ‘तप्पल’ म्हणायचा. मी एकदा लाडात ‘तुझी तप्पल कुठंय?’ विचारलं, तर चिडून म्हणाला, ‘तप्पल नाई, तप्पल!’ मग मी ‘चप्पल’ म्हटल्यावर शांत झाला. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या मुलांच्या भाषेच्या अभ्यासकांनी १९६० साली असाच प्रसंग नोंदवला आहे. एक मूल आपल्या प्लॅस्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणत होतं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला चालत नव्हतं.

प्रत्येक नोंदीला चार गोष्टी हव्यात: वय, उच्चार, प्रसंग, आणि तो शब्द मिनिटभरापूर्वी मोठ्या कुणी उच्चारला होता का. चौथी मी सहा महिने लिहिलीच नाही, त्यामुळे त्यातलं मुलाचं किती आणि पोपटपंची किती, हे आता कळायला मार्ग नाही. वय अभ्यासकांसारखं लिहा: २;३.१४ म्हणजे दोन वर्षं, तीन महिने, चौदा दिवस. नुसती तारीख घातलीत तर पुढे दर वेळी वजाबाकी करत बसाल.

प्रसंगाचं महत्त्व मला लोइस ब्लूम यांच्या एका उदाहरणानं पटलं. १९७०च्या त्यांच्या अभ्यासातली एक मुलगी एकाच दिवशी दोनदा ‘मम्मी सॉक’ म्हणाली. एकदा आईचा मोजा उचलताना, एकदा आई तिच्या पायात मोजा चढवत असताना. शब्द तेच, पण पहिल्यात मोजा कुणाचा ते आहे आणि दुसऱ्यात काम कोण करतंय ते. माझ्या वहीत ‘बाबा बूट’ तीनदा आहे आणि एकदाही पुढे काही लिहिलेलं नाही. आता ते बूट घालत होते, शोधत होते की भाच्याला घालून देत होते, कोण सांगणार!

वर्षाच्या आतल्या बाळासाठी वहीचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे खरी घडामोड ऐकण्यात चालते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आवाज बदलला की बाळानं मान वळवायची, बरोबर वळवली की खेळणं चालू होऊन दिसायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या सुमाराला बहुतेकांचा तो गेला. हे घरी करता येत नाही, नादी लागू नका.

शब्द कळतो का, हे मात्र घरी बघता येतं. दोन वस्तू समोर ठेवून ‘चेंडू कुठंय?’ विचारा, पण विचारताना डोळे मिटा. आपली नजर चेंडूवर जाते आणि मूल नजरेमागे जातं. अशा प्रयोगांत आईवडिलांनाही चित्रं दिसू देत नाहीत, ते याचसाठी.

महिन्यातून दोनदा वीस मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा, खेळ चालू असताना. उतरवायला मला वीस मिनिटांना तीन तास लागायचे. जे कळलं नाही तिथे अंदाज ठोकू नका. १९८४ साली सुरू झालेल्या ‘चाइल्डेस’ या मुलांच्या बोलण्याच्या संग्रहात अशा जागी एक्स हे अक्षर तीनदा लिहितात, मी फुली मारते. बडबडगीतं मोजणीत धरू नका, ती पाठ असतात. आणि हे रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मूल मोठं झाल्यावर ते त्याचं आहे.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक खेळ करून बघा. बर्को यांनी १९५८ साली काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला ‘वग’ म्हटलं आणि दोन असतील तर काय म्हणायचं ते मुलांना विचारलं. मुलांनी हा शब्द आधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, म्हणून बरोबर उत्तर म्हणजे नियम हाती लागलेला. मराठीत लिंगामुळे जास्त मजा येते. मी ‘टिपळा’ आणि ‘गोमडी’ काढले. ‘हा एक टिपळा. आता इथे किती?’ असं विचारल्यावर भाचा आठवडाभर ‘दोन’ एवढंच म्हणत राहिला. चूक माझी. वाक्य त्याच्यासाठी अर्धं सोडायचं: ‘आता हे दोन…’ ‘टिपळे!’ ‘आणि या दोन…’ ‘गोमडी.’ ‘गोमड्या’ दोन महिन्यांनी आलं.

घरात तो दिवसभर बायकांत, त्यामुळे स्वतःबद्दल ‘मी येते’, ‘मी पडते’ म्हणायचा. सगळे हसायचे, मी तारखा टाकत होते. सुधारायला जाऊ नका, नोंद बिघडते आणि सुधारत तर काहीच नाही. हे ‘करलं’नं दाखवलं. दोन वर्षांचा असताना तो ‘केलं’ नीट म्हणायचा, ऐकून उचललेला अख्खा शब्द. पुढे ‘बसलं’, ‘पडलं’ यांतला ‘लं’ त्याला सापडला आणि ‘केलं’ जाऊन ‘करलं’ आलं. वरवर ही पीछेहाट, प्रत्यक्षात नियम सापडल्याची खूण. २;९.६ ची नोंद अशी आहे:

‘आत्तू, मी घर करलं.’
‘करलं नाही, केलं म्हण.’
‘हो, केलं. बघ ना, मी करलं!’