पाइप घेताना रंग कसा पारखावा

शहापुरात माझं फर्निचर पॉलिशचं काम आहे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. त्यांचे तंबाखू ओढायचे तीन पाइप माझ्याकडे आले आणि तंबाखूपेक्षा त्या लाकडाचंच वेड लागलं. ओळखीतलं कुणी पाइप घ्यायला निघालं की विचारतं, कुठला रंग घेऊ? मी म्हणतो, आधी पाइप घेऊन दुकानाच्या दारात उन्हात या. ट्यूबलाइटखाली लाल आणि तपकिरीतला फरक कळत नाही.

उन्हात वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, फिरवून लाकडाच्या रेषा बघा. चांगला पाइप ब्रायरचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचा. या गाठीत बारीक खड्डे असतातच. कारागीर त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो आणि वरून गडद रंग देतो. पण लांबी लाकडासारखा रंग पीत नाही, तिथे ठिपका राहतो. तो शोधा. गुळगुळीत पाइप मी म्हणूनच फिका घेतो, कुंदा आटताना तपकिरीकडे वळू लागतो ना, त्या रंगाचा. फिक्यात काही लपत नाही. शिवाय हाताच्या तेलाने आणि वाटीच्या उष्णतेने तो वर्षागणिक गडद होत जातो. वडिलांचा तसा एक आज जांभ्या दगडाच्या रंगावर आलाय. तीस वर्षं पॉलिश करतोय, पण तो रंग मला डब्यातून काढता आलेला नाही.

रोज ओढायचा असेल तर सँडब्लास्ट घ्या. लंडनच्या डनहिल कंपनीने १९१७ च्या सुमारास हे फिनिश आणलं. रेतीच्या माऱ्याने मऊ थर झिजतो, कडक रेषा उभ्या राहतात. बोटांचे डाग, बारीक ओरखडे त्यात दिसत नाहीत. फक्त पूर्ण काळा घेऊ नका, उठाव मरतो. खाचा काळ्या आणि कंगोरे तांबूस, हा माझा आवडता. हत्याराने टोचून खडबडीत केलेले मला हातात रुचत नाहीत, बाकी ज्याची त्याची आवड.

गुळगुळीत पाइपला कार्नोबा, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं कडक मेण लावा. सँडब्लास्टला जाड मेण नको, खाचांत पांढरं साचतं. जुन्या टूथब्रशने साफ केलं की पुरे. बाहेरून स्पिरिट कधीच लावू नका. वडिलांच्या दुसऱ्या पाइपचा रंग मी असाच कापडावर उतरवला, ती खंत अजून आहे. आणि आपल्याकडचा पाऊस ध्यानात धरा. ओढून झाल्यावर आतून पाइप क्लीनर, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक तार, फिरवा, दोन दिवस उघडा ठेवा. ओला पाइप पाकिटात कोंडलात तर बुरशी धरतो.

तोंडात धरायची दांडी व्हल्कनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असेल तर उन्हात हिरवट-तपकिरी पडते. ॲक्रिलिकचा रंग टिकतो, पण दाताला कडक लागते. मला दाताखाली व्हल्कनाइटच बरी वाटते, म्हणून वडिलांचे तिन्ही पाइप खिडकीपासून लांब, कपाटाच्या खणात असतात.