दारूकाम करायचंय? आधी टेप घेऊन मैदानात जा

नवरात्राच्या तोंडावर मंडळांची पोरं माझ्याकडे येतात. "काकू, रावणदहनाला यंदा आकाशातलं दारूकाम ठेवायचंय, तेवढा अर्ज लिहून द्या." नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात नोकरी केल्यामुळे मला अर्जाची भाषा पाठ आहे. पण पेन हातात घ्यायच्या आधी मी एकच विचारते: मैदान मोजलंत का? बहुतेकांनी मोजलेलं नसतं. परवानगीत सगळ्यात अवघड काय असेल तर ते अंतर. बाकीचे कागद जमतात, मैदान मात्र वाढवता येत नाही.

तेव्हा पन्नास मीटरची टेप, दोघं जण आणि कोरा कागद घेऊन संध्याकाळी मैदानात जा. जिथून शॉट, म्हणजे आकाशात फुटणारे बार, उडवणार तिथे खुंटी ठोका. तिथून लोकांच्या दोरीपर्यंत किमान १०० मीटर धरा. मोठे औटगोळे, म्हणजे नळकांड्यातून वर उडवायचे गोळे, उडवणार असाल तर गोळ्याचा व्यासही बघा. अमेरिकेत एनएफपीए ११२३ नावाचं मानक आहे, त्यात गोळ्याच्या दर इंचाला ७० फूट असा साधा हिशेब दिलाय. तीन इंची गोळा म्हणजे २१० फूट, चार इंची म्हणजे २८०. आपल्याकडे तो कायदा नाही, पण ठेकेदार "काही होत नाही हो ताई" म्हणाला की मी हा हिशेब त्याच्यापुढे ठेवते.

मग मान वर करा. विजेच्या तारा, मोबाईलचा टॉवर, सुकलेली झाडं, बाजूच्या इमारतीच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, सगळं कागदावर उतरवा. १०० मीटरच्या आत दवाखाना, शाळा, कोर्ट किंवा प्रार्थनास्थळ असेल तर तो शांतता क्षेत्राचा प्रश्न होतो. तिथे आवाजाचं काहीच ठेवू नका. पेट्रोल पंप किंवा गॅसचं गोडाऊन जवळ असेल तर दुसरी जागा बघा, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. निफाड, दिंडोरीकडच्या गावच्या यात्रेत दारूकाम असेल तर कांद्याच्या चाळी आणि चाऱ्याच्या गंजी कुठे आहेत ते आधी बघा. पाचटाने शाकारलेल्या चाळीवर एक निखारा पडला तरी वर्षाचा माल जातो. नांदूर मध्यमेश्वरच्या आसपास तर मी स्पष्टच नको म्हणते. हिवाळ्यात तिथे पक्षी उतरलेले असतात, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतली जागा आहे ती.

या सगळ्याचा हाताने काढलेला नकाशा चालतो, फक्त अंतरं खरी लिहा. साहेब जागेवर पाहणीला येतात तेव्हा खोटं अंतर पहिल्याच मिनिटाला उघडं पडतं.

आता अर्ज. दारूकामाचा मूळ कायदा १८८४ चा स्फोटक कायदा, आणि त्याखालचे २००८ चे नियम. सार्वजनिक आतषबाजीला या नियमांखाली वेगळी परवानगी लागते. लाऊडस्पीकरची किंवा मिरवणुकीची परवानगी हातात आहे म्हणजे दारूकामाचीही झाली, असं होत नाही. पोलीस आयुक्तालय असलेल्या भागात ही परवानगी द्यायचे जिल्हादंडाधिकाऱ्याचे अधिकार आयुक्तांकडे असतात. म्हणून सिडको, पंचवटी, नाशिकरोडवाल्यांनी गंगापूर रोडला पोलीस आयुक्तालयात जायचं. सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकवाल्यांनी जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. हद्दीवरचं गाव असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. नाही तर दोन ऑफिसांत हेलपाटे पडतात.

सोबत जागामालकाचं संमतिपत्र लागतं. मैदान महापालिकेचं असेल तर तुमच्या विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी, आणि देवळाली कॅम्पात जागा छावणी परिषदेची असेल तर त्यांची. शिवाय अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, त्यासाठी शिंगाडा तलावाच्या मुख्य केंद्रात चौकशी करा. बंब उभा करायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे बजेटात आधीच धरा. ठेकेदाराच्या परवान्याची प्रत, उडवायच्या मालाची नगासकट यादी, नकाशा आणि मंडळाचं हमीपत्र जोडा. महिनाभर आधी अर्ज टाका. पोरं आठ दिवस आधी येतात आणि मग "वरून फोन लावा" म्हणतात. मी लावत नाही.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा आणि आवक नोंदीचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वेळेचं मात्र कुणाच्या हातात काही नाही. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना बंदी आहे, ही सर्वोच्च न्यायालयाची २००५ पासूनची भूमिका. २०१८ च्या निकालाने दिवाळीत रात्री ८ ते १० इतकीच वेळ ठेवली. आवाजाची मर्यादा फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. माळा म्हणजे जोडलेले फटाके बंद, बेरियमचे क्षार घातलेला माल बंद, ऑनलाइन विक्री बंद. खोक्यावर 'नीरी' या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचं चिन्ह आणि क्यूआर कोड बघून घ्या. सुट्टा, बिनखोक्याचा, "घरगुती बनवलाय, जोरात वाजतो" असला माल कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. आणि स्वस्त मिळतो म्हणून कुणी रेल्वेने पिशवीत आणायची कल्पना काढली तर त्याला तिथेच गप्प करा. रेल्वेत फटाके नेणं हा गुन्हा आहे.

लग्नवाल्यांसाठी जाता जाता सांगते. औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर "आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत" असं ऐकायला मिळतं. ती लॉन्सची असेल, तुमच्या शॉटची आहे का ते लेखी मागा. आणि नवरा-नवरीच्या एंट्रीला ते कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांचं कारंजं, लावतात ना, ते नावाला कोल्ड. धातूची भुकटी जळते त्यात. मंडपाच्या पडद्यापासून आणि नवरीच्या ओढणीपासून लांब ठेवा.

प्रत्यक्ष दिवशी एकच माणूस प्रमुख, आणि शिट्टी फक्त त्याच्याच गळ्यात. शॉटची खोकी आणि औटाची नळकांडी जमिनीवर नुसती ठेवायची नाहीत. पहिल्या दणक्यात आडवी झाली तर पुढचे बार सरळ गर्दीत जातात. नळकांडी वाळूत पुरा, खोक्यांना चारही बाजूंनी वाळूच्या गोण्या लावा. इथे आपल्याकडे गंमत होते. कुणीतरी घरून कांद्याच्या गोण्या आणतो, जाळीतून अर्धी वाळू वाटेतच सांडते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणा, कुठल्याही बांधकामावर मिळतात. पाण्याच्या बादल्या, ओल्या गोणपाटाचा ढीग आणि दोन अग्निशामक सिलिंडर उडवणाऱ्यांच्या मागे असू द्या. सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, ते दुपारीच बघा.

उडवणारे अठराच्या वरचे, सुती कपड्यातले, आणि शुद्धीतले. शेवटचं मुद्दाम लिहिलंय. वात पेटवताना डोकं नळकांड्याच्या तोंडावर आणायचं नाही, लांब काडीने बाजूने पेटवायची. राखीव माल ताडपत्रीखाली, वारा जिकडून येतो त्या अंगाला. बांबूला एक फडकं बांधा. ते लोकांच्या दिशेने आडवं फडफडायला लागलं तर कार्यक्रम थांबवा, मग पाहुणे खुर्चीत बसलेले का असेनात. निष्काळजीपणाने कुणी भाजलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ लागू शकतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पाहुण्यांना नाही, अर्जावर सही करणाऱ्याला भोगावं लागतं.

कुणी भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. डोळ्याला लागलं असेल तर चोळू न देता थेट दवाखाना.

न फुटलेल्या बाराजवळ अर्धा तास कुणी जायचं नाही. मग दुरून पाणी ओतून भिजवायचा आणि पाण्याच्या बादलीत टाकायचा. रात्री बॅटरीच्या उजेडात मैदान एकदा बघा, पण त्यावर विसंबू नका. सकाळी उजाडताच, पोरं क्रिकेटला यायच्या आत, चार जणांनी एका रांगेत चालत पुन्हा चाळा, झाडांच्या बुंध्याशी आणि गटाराच्या कडेला विशेष. जे सापडेल ते बादलीतच राहू द्या आणि ठेकेदाराला परत न्यायला लावा. घंटागाडीत टाकू नका.