साध्या पोलादाच्या सुरीसाठी लाकडी म्यान

लोहाराने घडवलेली साध्या पोलादाची सुरी ठाण्याच्या पावसाळ्यात ड्रॉवरमध्ये उघडी पडली की चमच्यांवर आपटून तिची धार जाते, आणि पात्यावर तांबूस ठिपके येतात. माझी सुरी आईने गावच्या जत्रेतून आणलेली, पाते सहा इंची. तिच्यासाठी आजवर मी तीन म्याने केली. पहिले वाया गेले, दुसरे बरे झाले, तिसरे रोज वापरात आहे. तिन्ही करताना एक गोष्ट पक्की कळली: म्यानाचे सगळे काम आतल्या खाचेत असते. धार लाकडाला कुठेही टेकता कामा नये. सुरी धरून ठेवायची ती फक्त तोंडाशी, पात्याच्या पाठीवर आणि दोन्ही गालांवर, म्हणजे सपाट बाजूंवर.

(सुरुवात स्वयंपाकघरातल्या सुरीनेच करा. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा विचार केला आहे आणि घरकामाची, शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. घरात जुनी तलवार असेल तर आधी नियम नीट पाहा.)

लाकूड

पहिले म्यान लाकडामुळे गेले. जुलैत फळी आणली आणि दुसऱ्याच दिवशी चिकटवली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, फळी आक्रसली आणि सांधा तोंडापासून उकलला. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडवे बरेच फुगते-आक्रसते.

आता मी जुनी सागवानी चौकट शोधतो. नौपाडा, पाचपाखाडीकडे जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की अशा चौकटी निघतात आणि जुन्या लाकडाच्या दुकानांत मिळतात. वर्षानुवर्षे वाळलेले असे लाकूड आपल्याला कुणी नव्याने वाळवून देणार नाही. करवत लावण्याआधी तुकड्यावरून चुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पटाशी लवकर बोथट होते. शिवण नावाच्या झाडाचे लाकूड मिळाले तर ते कोरायला जास्त सोपे. बाभूळ, खैर, ओक नकोत. त्यांतल्या टॅनिनमुळे ओल लागताच लोखंडाला काळे डाग पडतात. शंका असेल तर ओल्या ढलपीवर लोखंडी खिळा रात्रभर ठेवा. सकाळी ढलपी काळीनिळी झाली तर ते लाकूड बाजूला.

तुकडा घरात आणून तीन आठवडे ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. वजन उतरायचे थांबले की कामाला घ्या.

आखणी आणि कोरणे

एकाच तुकड्यातून ८ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या काढा आणि पुस्तक उघडावे तशा शेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींचे रेषे एकमेकांचे प्रतिबिंब होतात आणि पुढे हलल्या तर सारख्या हलतात. आतल्या बाजू रंध्याने इतक्या सपाट करा की एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरल्यावर मधून प्रकाश दिसू नये. पाते ठेवून पेन्सिलने आकार काढा. धारेच्या बाजूला आणि टोकाला २ मिलिमीटर जास्त सोडा, पाठीकडे अजिबात नको. भोवती १ सेंटिमीटर लाकूड राहिलेच पाहिजे.

पाते पाठीशी जाड आणि धारेशी पातळ असते. खाचही तशीच उतरती हवी. माझ्या सुरीची पाठ २ मिलिमीटर आहे, म्हणून प्रत्येक फळीत पाठीकडे १ मिलिमीटर खोल आणि तिथून धारेकडे उथळ होत जाणारा उतार. ऐन धारेखाली मात्र ६ मिलिमीटरच्या पटाशीने एक बारीक पन्हळ काढा, म्हणजे धार हवेत राहील. पटाशीवर ठोकू नका, तळहाताने रेटा. दुसरा हात कायम पटाशीच्या पात्यामागे. फ्लॅटमध्ये याचा एक फायदा, रात्री जेवणानंतरही काम करता येते, शेजाऱ्यांना आवाज जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पात्याला दोन्ही बाजूंनी अगदी पातळ काजळ लावा. दोन्ही अर्धे बाजूंनी क्लॅम्पमध्ये धरून सुरी हळूच आत घाला, बाहेर काढा आणि म्यान उघडा. जिथे पाते घासले तिथे लाकडावर काळा डाग दिसेल. तेवढाच डाग खरवडायचा, कागदाइतका, आणि पुन्हा घालून पाहायचे. तिसऱ्या म्यानाला मी हे चौदा वेळा केले. शेवटी डाग फक्त तोंडापासून २ सेंटिमीटरपर्यंत राहिले, सुरी उलटी धरली तरी पडेना आणि अंगठ्याने ढकलली की सुटे. तिथे थांबलो. घाईत तोंडाशी एक ढलपी जास्त निघाली तर सुरी कायमची खुळखुळते, म्हणून तोंड अगदी शेवटी कोरा.

चिकटवणे

जपानी कारागीर तलवारीची म्याने होनोकी नावाच्या हलक्या लाकडाची करतात आणि भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे आत घाण गेली तर म्यान उकलून साफ करता येते. कल्पना मला फार आवडते, पण आपल्याकडच्या दमट हवेत मी फेविकॉलच वापरतो. सागवान तेलकट असते, म्हणून आधी सांध्याच्या जागा ॲसिटोनने पुसा. काजळही सगळे पुसलेले असू द्या. फेविकॉल पातळ लावा आणि खाचेपासून ३ मिलिमीटर दूर ठेवा, दाबल्यावर तो आत सरकतो. चार सी-क्लॅम्प पुरतात. नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, दाब सगळीकडे सारखा बसतो. २४ तास हात लावू नका. नंतर टोकाशी ३ मिलिमीटरचे भोक पाडा, ओल आणि भुसा तिथून बाहेर पडतो.

बाहेरचे रूप

आकार रंधा आणि कानशीने, मग १२०, २२० आणि ४००चा पॉलिश पेपर. सागवानाची भुकटी नाकात झोंबते, मास्क लावा. बाहेरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस. आत तेल नको. तेलाची फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा गॅलरीत पसरून वाळवा.

सुरी काढताना बोटे धारेकडच्या सांध्यावर कधीच ठेवू नका. सांधा उकलला असेल तर धार थेट बोटात जाते. पाठ लाकडाला टेकवून सरकवा. सुरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत घालू नका. पहिल्या पावसाळ्यात ती घट्ट बसू लागली तर लगेच पटाशी घेऊ नका. नोव्हेंबरपर्यंत वाट पाहा, लाकूड आपसूक मागे येते. तेव्हाही घट्टच असेल तर पुन्हा काजळ लावा. आता म्यान चिकटलेले आहे, म्हणून डाग पाहायला तोंडातून टॉर्च मारावा लागेल आणि पट्टीला चिकटवलेल्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासावी लागेल.