तिकीट स्वतः काढायचं की एजंटकडून? आधी गाठी मोजा

अकरा वर्षं मी ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसून तिकिटं काढली. ते काम सोडून आता बराच काळ लोटला, पण ओळखीपाळखीत कुणाचा प्रवास निघाला की फोन मला येतोच. प्रश्न ठरलेला: "ऑनलाइन काढू, की एजंटकडे जाऊ?" कुठे स्वस्त पडेल तेवढंच त्यांना ऐकायचं असतं. मी म्हणते, आधी एक कागद घे.

कागदावर प्रवास आडवा काढायचा. घर, विमानतळ, दुसरा विमानतळ, हॉटेल, गाडी, पुढचं गाव, परत. मग जिथे एक गोष्ट लांबली की पुढची हातची जाते, तिथे गोल करायचा. त्या गोलाला मी गाठ म्हणते. एका विमानातून उतरून दुसरं पकडायचं, ही एक गाठ. संध्याकाळची शेवटची बोट गाठायचीय, ही एक. व्हिसा लागणार असेल तर तो एक, कारण तो वेळेत आला नाही तर अख्खा कागद वाया. दोन वेगळ्या शहरांतून निघालेली माणसं तिसरीकडे भेटणार, ही आणखी एक. बरोबर कुणाला व्हीलचेअर लागत असेल तर मी सरळ दोन धरते.

दोनपर्यंत गाठी असतील तर बिनधास्त स्वतः काढा. चार झाल्या की एजंट बघा. तीन असल्या की मी विचारते, "रात्री अडीच वाजता परक्या विमानतळावर उभं राहून फोनवर भांडायची तयारी आहे का?" उत्तर द्यायला वेळ लागला, तर एजंट.

एजंटला गुपचूप वेगळे दर मिळतात असा एक समज असतो, आणि ऑनलाइन नेहमीच स्वस्त असतं असा दुसरा. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. काउंटरवरच्या माणसासमोर जी स्क्रीन असते ती बहुतेक वेळा सेबर, अमेडियस किंवा ट्रॅव्हलपोर्ट यांपैकी एका आरक्षण यंत्रणेची. सेबर अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने १९६० च्या सुमारास उभी केली. अमेडियस १९८७ साली एअर फ्रान्स, लुफ्तान्सा, आयबेरिया आणि एसएएस यांनी मिळून काढली. मोठ्या ऑनलाइन कंपन्याही बरंचसं याच विहिरींतून पाणी काढतात. त्यामुळे साध्या जाऊन-येऊन तिकिटाच्या दरात फार तफावत दिसत नाही. ग्रुपचं तिकीट असेल किंवा हॉटेलसकट पॅकेज असेल, तर मात्र एजंटकडे खरंच वेगळे दर असू शकतात. उलट, काही स्वस्त विमान कंपन्या या यंत्रणांत नसतात, किंवा असल्या तरी एजंट त्या दाखवायच्या फंदात पडत नाही. म्हणून त्याला थेट विचारा, "स्वस्त कंपन्या धरून बघितलंत का?"

आता ज्यावर माझ्याशी सगळेजण वाद घालतात ते सांगते. मोठ्या प्रवास-संकेतस्थळावरून तिकीट काढलं म्हणजे आपण 'स्वतः' काढलं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. तीही एजंटच आहे, फक्त तिला तोंड नाही. तिकीट ज्याने काढलं त्याच्याच ताब्यात ते राहतं. वेळ बदलली, नाव चुकलं, रद्द करायचं झालं, की विमान कंपनीचा माणूस नम्रपणे सांगतो, "तुम्ही जिथून बुकिंग केलंत तिथे बोला." आणि तिथे बोलायला गेलं की चॅटवाला यंत्रमानव विचारतो, "मी तुम्हाला कशी मदत करू?"

हे मी अकरा वर्षं लोकांना सांगितलं आणि मग स्वतः तेच करून बसले. ताई आणि भावजींची तिकिटं होती. एका संकेतस्थळावर दोन टप्पे मिळून फारच कमी पैशांत दिसत होते. बारकाईने पाहिलं असतं तर कळलं असतं की ती दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटं होती, नुसती एकाखाली एक लावलेली. मधे सत्तर मिनिटं. एकाच तिकिटावर दोन विमानं असली की पहिलं उशिरा पोचल्यावर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं, बॅगाही सहसा परस्पर पुढे जातात. सुट्या तिकिटांना यातलं काही लागू नाही. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. ताईला बॅगा पट्ट्यावरून उचलून, बाहेर पडून, बसने दुसऱ्या टर्मिनलला जाऊन पुन्हा चेक-इन करायचं होतं. ती काउंटरला पोचली तेव्हा चेक-इन बंद झालेलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी ती 'आलीच नाही', आणि त्यामुळे त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही आपोआप रद्द. ताई फोनवर मला एवढंच म्हणाली, "तू तिकडे नोकरीला होतीस ना गं?"

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. तुलना करायला स्कायस्कॅनर, गूगल फ्लाइट्स, कयाक, जे आवडेल ते वापरा. तिथे कोण कुठे कधी उडतं ते छान कळतं. विमान ठरलं की ती खिडकी बंद करायची आणि त्या विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तिकीट काढायचं. थोडे पैसे जास्त गेले तरी. थेट काढण्याचे हक्कही कधी कधी वेगळे असतात. अमेरिकेत जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या वाहतूक खात्याचा नियम आहे: उड्डाणाला सात दिवस किंवा जास्त अवधी असेल, तर चोवीस तासांत दंडाशिवाय रद्द करण्याची, नाहीतर तेवढा वेळ पैसे न भरता दर राखून ठेवण्याची, यांतली एक सोय कंपनीने द्यायलाच हवी. पण हे बंधन विमान कंपनीवर आहे, मधल्या विक्रेत्यावर नाही.

तिकीट काढायला बसताना पासपोर्ट कीबोर्डशेजारी उघडा ठेवा, आणि फोटोच्या पानाच्या तळाच्या दोन ओळी बघा. प्रत्येक ओळीत ४४ खणांची अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणा असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव, मग दोन बाण, मग नाव. विमानतळावरचं यंत्र हीच ओळ वाचतं. तेव्हा फॉर्ममध्ये 'आडनाव' विचारलं की तुमच्या मनातलं आडनाव न लिहिता त्या दोन बाणांच्या आधी जे छापलंय तेच टाका. नाव-आडनावाची अदलाबदल ही काउंटरवर माझ्याकडे दुरुस्तीला येणारी सगळ्यात नेहमीची चूक होती, आणि बहुतेक वेळा ती घाईत मोबाइलवरून तिकीट काढणाऱ्यांची असायची. तिकीट काढायला संगणक वापरा. अंगठ्याने करायचं हे काम नाही.

तारखेत आणखी एक खड्डा आहे. विमान ००:४० ला सुटतं आणि तिकिटावर रविवार लिहिलेला असतो. आपण मनात म्हणतो, रविवारी रात्री निघायचं. प्रत्यक्षात शनिवारी रात्री जेवून घराबाहेर पडायला हवं. रविवारी रात्री सहकुटुंब विमानतळावर पोचलेले लोक मी पाहिले आहेत. बॅगा हातात आणि विमान वीस-बावीस तासांपूर्वी गेलेलं. बाराच्या पुढचं आणि पहाटे पाचच्या आतलं विमान असेल तर 'आदल्या दिवशी रात्री' असं मराठीत, मोठ्या अक्षरांत, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैसे भरायच्या पानावर हात आखडता घ्या. आधीच टिक करून ठेवलेला विमा, सीट, 'प्राधान्य सेवा' असं काय काय असतं. एकेक काढून बघा आणि खालचा एकूण आकडा पुन्हा वाचा. परदेशी संकेतस्थळ "तुमच्या चलनात भरा" म्हणालं तर बहुतेक वेळा नाही म्हणावं. त्यांचा बदलाचा दर आपल्या बँकेपेक्षा सहसा महाग पडतो.

मेल आला की काम झालं असं समजू नका. सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर म्हणजे फक्त आरक्षणाची नोंद. तिकीट निघालं की तेरा आकडी क्रमांक येतो, त्यातले पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. मधल्या विक्रेत्याकडून घेतलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून तो तेरा आकडी क्रमांक दिसतोय का, हे त्याच दिवशी बघायचं. नोंद असते पण तिकीट निघालेलंच नसतं, असं होतं. काही स्वस्त कंपन्या असा क्रमांक देतच नाहीत. तिथे कंपनीच्या पानावर 'कन्फर्म' दिसलं की पुरे.

हॉटेलचं थोडक्यात. पोचल्यावर पैसे द्यायचे आणि अमुक तारखेपर्यंत फुकट रद्द, असा पर्याय असेल तर तोच घ्या, आणि ती तारीख हॉटेलच्या गावच्या वेळेनुसार मोजा. त्या आधी एकदा हॉटेलला सरळ फोन करून दर विचारायलाही हरकत नाही.

आता एजंट. गाठी चार किंवा जास्त झाल्या की चांगला एजंट त्याच्या फीच्या दुप्पट वाचवतो, हे मी काउंटर सोडल्यावरही म्हणेन. पण आधी त्याचे पैसे कुठून येतात ते समजून घ्या. पूर्वी विमान कंपन्या कमिशन द्यायच्या, गिऱ्हाइकाला वेगळं काही पडत नसे. अमेरिकेत १९९५ मध्ये डेल्टाने त्या कमिशनवर मर्यादा घातली, बाकीच्या कंपन्या तिच्या मागे गेल्या आणि २००२ पर्यंत तिथलं मूळ कमिशन जवळपास शून्यावर आलं. तेव्हापासून एजंटचं पोट मुख्यतः फीवर, हॉटेलवर आणि पॅकेजवर चालतं. म्हणून तो फी मागतो तेव्हा तोंड वाकडं करू नका. फी न मागणारा ती कुठेतरी दडवतोच.

खुर्चीत बसल्यावर विचारा: तुमची फी किती? मी रद्द केलं तर कंपनीचा दंड किती आणि त्यावर तुमचा वेगळा किती? पावतीवर दोन्ही वेगवेगळे लिहून द्याल का? रात्री विमान रद्द झालं तर फोन कोण उचलेल, तुम्ही की दुसऱ्या शहरातलं कॉल सेंटर? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण फी तुम्ही त्याचीच देताय. उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. बाहेरच्या संकेतस्थळावर तोच गुळमुळीतपणा फुकट मिळतो.

एजंटच्या हातात दोन गोष्टी असतात ज्या लोक मागतच नाहीत. अनेक दरांत तो पैसे न भरता जागा काही तास, कधी दिवसभर धरून ठेवू शकतो. घरी विचारून सांगतो म्हणायला तेवढा वेळ पुरतो. आणि तिकीट काढलं त्याच दिवशी मध्यरात्रीच्या आत चूक लक्षात आली, तर बहुतेक तिकिटं तो 'व्हॉइड' करू शकतो, म्हणजे कंपनीचा दंड न लागता पुसून टाकू शकतो. म्हणून एजंटकडे सकाळी जावं. संध्याकाळी साडेसातला काढलेल्या तिकिटातली चूक दुसऱ्या दिवशी सापडते.

पॅकेज घेणार असाल तर आणखी एक विचारा: तुमची कंपनी बुडाली तर माझे पैसे कुठे असतील? हसतील, हसू द्या. थॉमस कुकने पहिली सहल काढली १८४१ मध्ये, लेस्टर ते लफबरो, रेल्वेने. त्याच्या नावाची ती ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बंद पडली तेव्हा नुसते ब्रिटिश पर्यटकच सुमारे दीड लाख परदेशात अडकले होते. सरकारने विमानं पाठवून त्यांना आणलं, आणि ज्यांचं पुढचं पॅकेज अ‍ॅटॉल या १९७३ पासूनच्या ब्रिटिश संरक्षण योजनेत होतं त्यांना पैसे परत मिळाले. तुमच्या देशात असं काही कवच आहे का, आणि ही कंपनी त्यात आहे का, हे पैसे देण्याआधी कळायला हवं.

दोन्ही थोडं थोडं करता येतं, आणि मी आता तेच करते. विमानं थेट कंपनीकडून, मधला गुंत्याचा भाग एजंटकडे: व्हिसा, गाड्या, डोंगरातली दोन रात्रींची सोय. पण एक करू नका. एजंटसमोर दोन तास बसायचं, त्याच्याकडून अख्खा आराखडा काढून घ्यायचा आणि घरी येऊन ऑनलाइन बुक करायचं. खुर्चीच्या त्या बाजूला बसून मला ते कळायचं. वही मिटून "विचार करून सांगतो" म्हणणारे पुन्हा दिसायचे नाहीत. नुसता सल्ला हवा असेल तर सल्ल्याचे पैसे विचारा; बरेच जण घेतात.

कुणाकडूनही काढलेलं असो, निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीच्या पानावर पीएनआर टाकून वेळा पुन्हा बघा. बदलाचे मेल विक्रेत्याकडे जातात, तिथून तुमच्या स्पॅममध्ये. मग एका कागदावर सगळे क्रमांक, हॉटेलचा पत्ता आणि फोन छापून घ्या; मोबाइल नेमका नको तिथे मान टाकतो.

ताई मागच्या महिन्यात पुन्हा निघाली. कागद तिने स्वतःच काढला, पाच गाठी निघाल्या, मला न विचारताच तिने एजंट गाठला. तिकीट मात्र माझ्याकडे पाठवलं, नुसतं बघून दे म्हणाली. भावजींचा पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून पाहिलं. आडनावात एक 'ए' जास्त होता. दुपारचे तीन वाजले होते, तिकीट त्याच सकाळचं. मी ताईला म्हटलं, एजंटला आत्ता फोन लाव.